टाकणखार : मुशीत हवा, मुखात नको

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत त्याचा उपयोग तुरुंगासारखा होऊ लागला. किल्ल्याच्या आतल्या भागातील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना पाजले जाई आणि त्या पाण्यानेच ते मरत, अशी आख्यायिका परिसरात आजही सांगितली जाते. तिचा खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनी ठरवावा. एक गोष्ट मात्र त्या कथेतून निश्चित दिसते. ज्या पाण्याने माणसे मेली असा समज आहे, त्या विहिरीपाशी तहानलेला माणूसही दोनदा विचार करतो. समाजाची स्मृती अशा ठिकाणी पहारेकऱ्याचे काम करते.

दुर्दैव असे की जे विष मंद आहे, स्वस्त आहे आणि आजीच्या बटव्यातून येते त्याच्याभोवती असा पहारा बसत नाही. आंबागडच्या पायथ्याच्या गावांतच नव्हे, तर महाराष्ट्राच्या कोणत्याही शहरात किराणामालाच्या अथवा काष्ठौषधींच्या दुकानी जाऊन टाकणखार मागितला, तर दुकानदार काचेच्या बरणीतून पांढरे खडे काढतो आणि कागदाच्या पुडीत बांधून देतो. गिऱ्हाईक सोनार आहे, कासार आहे, की तान्ह्या बाळाची आजी आहे, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. पुडीवर नाव नसते, प्रमाण नसते, इशाराही नसतो. तीच पुडी एका घरी मुशीत जाते आणि दुसऱ्या घरी मधात कालवून बाळाच्या जिभेवर जाते. टाकणखाराविषयीचा खरा प्रश्न या बिननावाच्या पुडीत आहे.

धातूंच्या मुलुखातील खार

हा प्रश्न भंडाऱ्याच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. भंडारा हे पितळेचे गाव. रतनपूरच्या इ. स. ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात 'भाणारा' असा जो उल्लेख आढळतो त्यावरून हे नाव आले असे मानतात, आणि लोकव्युत्पत्ती त्याचा संबंध 'भाण' म्हणजे पितळेच्या भांड्याशी जोडते. पोलाद आणि प्लास्टिक यांनी पितळेचा बाजार आखडला असला, तरी या गावाची ओळख कासारांच्या हातोडीनेच घडलेली आहे. आणि जेथे पितळ झाळले जाते, तेथे टाकणखार असतोच.

धातू तापला की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर भस्माचा पातळ थर चढतो. हा थर असेपर्यंत डाक धातूला धरत नाही. पाण्यावर तेल पसरावे तसा तो थेंबाथेंबाने घरंगळतो. टाकणखार तापून वितळला की या भस्माला आपल्यात विरघळवून घेतो, धातूचे तोंड स्वच्छ करतो आणि वर काचेसारखे पांघरूण घालून हवेला दूर ठेवतो. म्हणून सोनार बागेसरीत मूस ठेवताना सोन्यावर त्याची चिमूट टाकतो, आणि दागिन्याचे दोन भाग जोडताना खडा दगडावर पाण्यात उगाळून सांध्यावर लावतो. हिंदीतील 'सोने पे सुहागा' ही म्हण याच व्यवहारातून जन्मली. या म्हणीतील सुहागा म्हणजेच मराठीतील टाकणखार, सवागी.

तुमसर तालुक्याच्या दृष्टीने आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगॅनीजच्या खाणी याच तालुक्यातील. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या तारेच्या फाशावर टाकणखार तापवला, तर तो प्रथम फुगतो आणि मग वितळून काचेसारखा पारदर्शक मणी होतो. या मण्याला मँगॅनीजच्या खनिजाचा कण लावून पुन्हा ज्योतीच्या बाहेरच्या भागात तापवला, की मणी जांभळा होतो; ज्योतीच्या आतल्या भागात धरला, की रंग उडतो. कोबाल्टने हाच मणी निळा होतो, क्रोमियमने हिरवा. शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या या 'टाकणखार-मणी परीक्षे'तील शास्त्र आणि कासाराच्या भट्टीतील शास्त्र एकच आहे. भस्म विरघळवण्याचा जो गुण एकाला रंग दाखवतो, तोच दुसऱ्याचा सांधा पक्का करतो.

गुणधर्म आणि प्रवास

रसायनाच्या भाषेत टाकणखार म्हणजे सोडियम, बोरॉन आणि प्राणवायू यांचा क्षार. त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. खडा तव्यावर तापवला की हे पाणी वाफेच्या रूपाने निघते आणि खडा फुलून हलका, पांढरा, ठिसूळ होतो. यालाच 'टाकणखाराची लाही' म्हणतात. सर्व पाणी गेले तर वजन जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे बोरॉन तेवढेच राहते आणि वजन घटते. मूळ खड्यात ते शेकडा सुमारे ११ असते, तर पूर्णपणे फुललेल्या लाहीत शेकडा २१ च्या वर. हा साधा हिशेब पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पाण्यात विरघळल्यावर टाकणखाराचा द्राव सौम्य अल्कधर्मी होतो. जड पाणी मऊ करणे, मळ सैल करणे, बुरशीची वाढ रोखणे हे गुण त्यातून येतात. म्हणून तो कपडे धुण्याच्या चूर्णात आला, चिनी मातीच्या झिलईत आला, आणि आज प्रयोगशाळेतील चंचुपात्र ज्या उष्णतारोधक काचेचे असते तिच्यातही बोरॉन आहे. मुंग्या-झुरळांसाठी वापरली जाणारी बोरिक पावडर ही त्याचीच सख्खी बहीण.

या खाराचा प्रवासही मोठा आहे. संस्कृत 'टङ्कण' हा शब्द फार्सी आणि मलायी बोलींच्या वाटेने युरोपात गेला आणि तेथे कच्च्या टाकणखाराला 'टिंकल' हे नाव पडले. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांच्या काठी आणि लडाखमधील पुगा खोऱ्याच्या उष्ण झऱ्यांपाशी तो गोळा केला जाई आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्या लादून हिमालयाचे घाट उतरे. एकोणिसाव्या शतकात प्रथम इटलीतील टस्कनीच्या वाफेच्या झऱ्यांतून बोरिक आम्ल निघू लागले, नंतर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रचंड साठे सापडले, आणि हिमालयातील मेंढ्यांचा व्यापार मागे पडला. आज जगातील ज्ञात साठ्यांपैकी फार मोठा वाटा एकट्या तुर्कस्तानात आहे आणि भारताची गरज मुख्यतः आयातीवर भागते. म्हणजे आजीच्या बटव्यातील ज्या वस्तूला 'आपली गावठी' म्हटले जाते, ती बहुधा परदेशी खाणीतून निघालेली आणि कारखान्यासाठी आलेली असते. औषधासाठी लागणारी शुद्धता तिच्यात आहे, असे कोणीही लिहून दिलेले नसते.

चिमटीचा हिशेब

येथे मूळ मुद्द्याकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत बाळाला खोकला झाला, घशात कफ घरघरू लागला, तोंड आले किंवा दात येऊ लागले, की टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवतात. कोणी ती बोटाने हिरड्यांना चोळतात, कोणी बाळगुटीबरोबर देतात. यामागे दुष्ट हेतू नसतो. उलट माया असते, अनुभवाचा विश्वास असतो आणि डॉक्टर दूर असल्याची जाणीवही असते. म्हणूनच या रूढीची थट्टा करणे उपयोगाचे नाही. तिचा हिशेब मांडून दाखवणे उपयोगाचे आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचा फेरविचार करून दररोजच्या सेवनाची मर्यादा ठरवली. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१६ मिलिग्रॅम बोरॉन, एवढीच ती आहे. चार किलो वजनाच्या बाळाला हा नियम लावला, तर दिवसाला ०.६४ मिलिग्रॅम होतात. पूर्ण फुललेल्या लाहीच्या भाषेत सांगायचे तर केवळ ३ मिलिग्रॅम. आता एका गुंजेच्या वजनाची, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅमची चिमूट घ्या. ती या मर्यादेच्या चाळीसपट भरते. लाही अर्धवट फुलली असली, किंवा मूळ खडाच पूड करून वापरला, तरी प्रमाण वीसपटीच्या खाली येत नाही. शिवाय अशा मर्यादा आखताना अगदी तान्ही मुले डोळ्यांसमोर नसतात. त्यांच्या बाबतीत अधिकच सावधगिरी अपेक्षित असते.

मर्यादा ओलांडली की बाळ तत्काळ आजारी पडते, असा याचा अर्थ नव्हे. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी, भरपूर अंतर राखून आखलेली असते. म्हणूनच एकदा चाटवून काही झाले नाही, हा अनुभव खराही असू शकतो आणि फसवाही. धोका आहे तो रोजच्या चाटणाचा. शरीर बोरॉनचे विघटन करत नाही. ते मूत्रावाटे बाहेर टाकावे लागते. प्रौढाचे मूत्रपिंड हे काम एक-दोन दिवसांत बरेचसे उरकते. तान्ह्याचे मूत्रपिंड अपक्व असते. काल दिलेले बाहेर पडण्यापूर्वी आजचे येते, आणि साठा वाढत जातो.

हा केवळ तर्क नाही. १९८३ मध्ये ब्रिटनमधील बालरोगशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात सात तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. या सर्वांना झटके येत होते. शोध घेता आढळले की त्यांची चोखणी मध आणि टाकणखार यांच्या बाजारी मिश्रणात बुडवून त्यांच्या तोंडात दिली जात होती. ते मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. मध, टाकणखार आणि बाळाचे तोंड. भंडाऱ्यातील आजीला ही कृती अपरिचित नाही. फरक एवढाच की तेथे बोटाऐवजी चोखणी होती.

बाळाला झटका आला की आपल्याकडे त्याला 'आकडी' म्हणतात, दृष्ट लागली म्हणतात, तापाने झाले म्हणतात. मधाच्या वाटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि वाटीतील मधही निर्दोष नाही. एक वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ आता एकमुखाने सांगतात. कारण मधात असू शकणारे काही जंतुबीज त्या वयाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही याच दिशेचा आहे.

परंपरेचा युक्तिवाद

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आयुर्वेदात टंकण सांगितलेले आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुले याच्यावर वाढली, मग आताच हे विष कसे झाले? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की रसशास्त्रातील टंकण आणि पुडीतील टाकणखार एक नव्हेत. रसशास्त्र टंकणाचे शोधन सांगते, मात्रा गुंजेत मोजते, योगात इतर द्रव्यांबरोबर त्याची योजना करते, आणि रोगी, वय, बल पाहूनच औषध द्यावे असे बजावते. त्रिभुवनकीर्तीसारख्या प्रसिद्ध कल्पात टंकण असते. पण ते वैद्याने, प्रसंग पाहून द्यायचे औषध आहे. परंपरेचे नाव घ्यायचे तर तिच्या शिस्तीसह घेतले पाहिजे. शिस्त गळून पडली आणि चिमूट तेवढी उरली, तर तिला परंपरा म्हणणे हा परंपरेवरच अन्याय होय.

दुसरी गोष्ट अशी की हा पूर्व आणि पश्चिम यांचा झगडा नाही. टाकणखार मधात घालून तोंडाला लावण्याची कृती ब्रिटिश औषधसंहितेतही एके काळी अधिकृतपणे होती. बोरिक आम्लाचे पट्टे जखमांवर बांधण्याची प्रथा लिस्टरच्या काळापासून रूढ झाली, आणि बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरीतही बोरिक आम्ल असे. विसाव्या शतकात फाटलेल्या, सोललेल्या त्वचेतून ते आत शिरून तान्ही मुले दगावल्याच्या नोंदी जमा होत गेल्या, आणि पाश्चात्त्य वैद्यकाने आपलीच जुनी रीत मोडीत काढली. त्यांनी आपल्या आज्यांचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, 'पिढ्या वाढल्या' या विधानाची. वाढलेली मुले मोजता येतात, कारण ती समोर उभी असतात. जी आकडीने गेली त्यांचे कारण कोणी लिहून ठेवले नाही. ज्या काळात घराघरांतून बालमृत्यू होत असत, त्या काळाचा अनुभव कोणत्याही औषधाच्या निर्धोकपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

अन्नातील शिरकाव

बाळाच्या वाटीप्रमाणेच टाकणखाराचा दुसरा गैरमार्ग म्हणजे अन्न. तो पदार्थ टिकवतो, पिठाला चिवटपणा आणि कुरकुरीतपणा देतो; म्हणून आग्नेय आशियात शेवया आणि मांसाचे गोळे यांत तो घालण्याविरुद्ध सरकारांना वारंवार मोहिमा काढाव्या लागल्या आहेत. भारतात अन्न टिकवण्यासाठी परवानगी असलेल्या द्रव्यांत त्याला स्थान नाही. युरोपातही तो केवळ माशांच्या अंड्यांच्या एका महागड्या पदार्थापुरताच चालतो.

अन्नसुरक्षेच्या आधुनिक कायद्यांच्या इतिहासात टाकणखाराला मानाचे स्थान आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी बारा तरुण स्वयंसेवक निवडले आणि अन्न टिकवण्यासाठी त्या काळी सर्रास घातली जाणारी द्रव्ये त्यांना जेवणातून मोजून दिली. वृत्तपत्रांनी या तरुणांना 'विषपथक' म्हटले. पहिली पाळी टाकणखाराची होती. भूक मंदावणे, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी दिसू लागल्या. या प्रयोगांनी उठलेल्या लोकमताचा १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याला मोठा हातभार लागला. ज्या द्रव्याने एका देशाला अन्नाचे कायदे करायला शिकवले, तेच आपल्या किराणा दुकानात खाण्याचा सोडा, पापडखार, तुरटी आणि नवसागर यांच्या रांगेत निमूट बसलेले असते. पांढऱ्या पुडीला पांढरी पुडी भेटली, तर ओळख कोण पटवणार?

ही ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत पटवता येते, आणि शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेला कागद घ्यावा. संशयित पदार्थाच्या द्रावात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून तो आम्लधर्मी करावा, कागद त्यात बुडवावा आणि वाळू द्यावा. टाकणखार असल्यास कागद तांबूस होतो, आणि अमोनियाच्या स्पर्शाने तो तांबूसपणा काळपट हिरव्या-निळ्यावर जातो. आम्लाची पायरी वगळू नये. कारण साधा सोडाही हळदीला लाल करतो आणि निष्पाप पापडावर खोटा आळ येतो. अर्थात हे आम्ल दाहक असल्याने प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावा.

त्याची खरी जागा

एवढे वाचून टाकणखार घराबाहेर हाकलावा, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. त्याची खरी जागा आहे आणि ती मानाची आहे. कासाराच्या भट्टीत त्याला आजही तोड नाही. इतकेच नव्हे, तर शेतातही त्याचे काम आहे. बोरॉन हे वनस्पतींना अत्यावश्यक असल्याचे १९२३ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी दाखवून दिले. बोरॉन कमी पडले की फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडतो, भुईमुगाचा दाणा आतून पोकळ राहतो. म्हणून खतनियंत्रण आदेशाने सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या यादीत टाकणखाराला जागा दिली आणि त्यात बोरॉन किमान शेकडा १०.५ असले पाहिजे असे बंधन घातले. मात्रा मात्र हेक्टरी काही किलोंचीच आणि मातीची परीक्षा करून. कारण पुरेसे आणि अपायकारक यांतील अंतर या द्रव्याच्या बाबतीत फार थोडे आहे. जास्त पडले तर पाने कडेने करपतात.

येथेच एक विपरीत गोष्ट नजरेस येते. कोबीच्या वाफ्यात घालायच्या टाकणखाराच्या पिशवीवर बोरॉनचे प्रमाण छापलेले असते. बाळाच्या जिभेवर जाणाऱ्या टाकणखाराच्या पुडीवर काहीच नसते. पिकासाठी मातीची परीक्षा, मुलासाठी आजीची चिमूट. ज्या समाजाने कोबीच्या गड्ड्याला हे संरक्षण दिले, त्याने ते आपल्या तान्ह्याला नाकारावे, याला विसंगती हा शब्द अपुरा आहे.

कारागिरांनीही भयभीत होण्याचे कारण नाही. धडधाकट त्वचेतून टाकणखार जवळजवळ शोषला जात नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने प्रजननशक्तीवर परिणाम दिसला आणि त्यामुळे युरोपने २०१० मध्ये त्याला विशेष चिंतेच्या द्रव्यांच्या यादीत घातले हे खरे. परंतु तुर्कस्तान आणि चीनमधील बोरॉन-उद्योगांतील कामगारांच्या पाहणीत तसा परिणाम आढळून आला नाही. पितळ झाळणाऱ्याला खरा त्रास होतो तो जस्ताच्या धुराचा. त्याने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तेव्हा कार्यशाळेत हवा खेळती असावी, धूर तोंडाकडे न येता बाहेर जावा, हाताला जखम असेल तर ती झाकावी, कुंचली तोंडात धरू नये, आणि चहाचा पेला खाराच्या दगडापासून दूर असावा. काळजी एवढीच, पण ती रोजची.

कचेऱ्यांच्या करमणूक-खोल्यांतून आणि वसतिगृहांतून कॅरम खेळणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. फळ्यावर भुरभुरायची पावडर अनेकदा बोरिक आम्लाचीच असते. डाव संपल्यावर हात न धुता भज्यांच्या बशीकडे वळू नये, आणि लहान मुलांना त्या पावडरीशी खेळू देऊ नये. अलीकडे चित्रफिती पाहून मुले घरी टाकणखाराच्या द्रावात गोंद मिसळून लवचिक 'स्लाइम' बनवतात. तो खेळही मोठ्यांच्या देखरेखीशिवाय आणि हात धुतल्याशिवाय नसावा.

आणि तरीही मुलाच्या पोटात टाकणखार गेलाच, तर? उलटी, जुलाब, अंगावर भाजल्यासारखी लाली, अस्वस्थता, झटके ही त्याची लक्षणे. यावर विशिष्ट उतारा नाही. रुग्णालयातील शुश्रूषाच आधार देते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या भरीस पडू नये. पुडी बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. मात्र त्या पुडीवर नाव नसेल तर डॉक्टरांनी काय वाचायचे, हा प्रश्न उरतोच.

मागणी छोटी आहे

तेव्हा उपायही त्या पुडीपासूनच सुरू झाला पाहिजे. बंदीची येथे गरज नाही. बंदीने कासाराचा धंदा अडेल आणि आजीला पुडी चोरवाटेने मिळेल. गरज आहे ती तीन साध्या गोष्टींची. किरकोळ विक्रीच्या टाकणखारावर, मग ती दहा ग्रॅमची पुडी का असेना, ठळक मराठीत लिहिलेले असावे : 'टाकणखार. खाण्यासाठी नाही. लहान मुलांना देऊ नये.' दुकानात तो खाण्याच्या सोड्याच्या आणि पापडखाराच्या फळीवर ठेवला जाऊ नये. आणि आशा सेविका, अंगणवाडी सेविका बाळंतिणीला पहिल्या भेटीत ज्या सूचना देतात, त्यांत मधाच्या शेजारी टाकणखाराचे नाव यावे.

पहिल्या दोन गोष्टी अन्न व औषध प्रशासनाने आणि व्यापाऱ्यांच्या संघांनी मनावर घेतल्या तर होण्यासारख्या आहेत. तिसरीला तर पैसाही लागत नाही. परंतु या तिन्हींची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जो विद्यार्थी आज प्रयोगशाळेत टाकणखाराचा मणी जांभळा करून पाहतो, त्याच्या घरी कदाचित आजच रात्री धाकट्या भावंडासाठी त्याच खाराची लाही फुलत असेल. मण्याचे शास्त्र आणि लाहीचे शास्त्र एकच आहे, हे त्याला वर्गात सांगितले गेले, तर तो घरी जाऊन आजीशी बोलेल. कायद्यापेक्षा नातवाचे बोलणे तिला लवकर पटेल.

आंबागडच्या विहिरीवर कोणी पाटी लावलेली नसतानाही, तिच्या पाण्याविषयीची सावधगिरी केवळ सांगोवांगीने टिकून राहिली. टाकणखाराविषयीही तशीच सांगोवांगी सुरू व्हायला हवी. पुडीवर पाटी येईल तेव्हा येईल. तोवर ज्याला हे कळले त्याने ते शेजारच्या घरी सांगावे, एवढे तरी निश्चित करता येण्यासारखे आहे.